तिला मी न्हाऊ घातलं

थोरल्या भावाने मला मशिदीच्या पायऱ्यांवर गाठलं. जुम्याची नमाज नुकतीच सुटली होती, लोक आपापल्या चपला शोधत होते. ते माझ्या शेजारी वाकले आणि पायात चप्पल सरकवता सरकवता म्हणाले, "दोन रकात नमाज पढ, तौबा कर आणि विषय मिटव. मी पुन्हा तो काढणार नाही."

तौबा म्हणजे चूक कबूल करून अल्लाहकडे माघारी वळणं. माझी चूक सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. चार महिन्यांपूर्वी माझी बायको वारली. मय्यतीला दफनाआधी जी आंघोळ घालतात, जिला आम्ही गुस्ल म्हणतो, ती तिला मी माझ्या हातांनी घातली.

पायऱ्यांवर मी काही बोललो नाही. ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, पण समोरासमोरच्या वादात मला शब्द नेहमी घरी पोचल्यावर सुचतात. बायको म्हणायची, "तुमचं उत्तर रजिस्टर पोस्टाने येतं." हेही तसंच समजा. उशीर झाला आहे, पण पोचेल.

ती कोकणातली, दापोलीच्या बाजूची. मी पुण्यातच जन्मलो. तिच्या माहेरी कोकणी बोलत, आमच्या घरात दखनी, आणि आम्ही दोघं भांडायचो मराठीत, कारण मराठीत दोघांपैकी कोणालाच घरच्या मैदानाचा फायदा नव्हता. बोलीपेक्षा मोठा फरक दुसराच होता. घाटावरचे आम्ही हनफी, किनाऱ्यावरचे ते शाफई. अल्लाह एक, पैगंबर एक, किताब एक. पण त्यातून नियम काढायच्या या दोन जुन्या परंपरा, आणि दोन्ही बरोबर आहेत असं दोन्हीकडचे मौलाना सांगतात. सांगायला सोपं आहे. एका स्वयंपाकघरात दोन्ही ठेवून बघा.

असरची, म्हणजे दुपार उतरल्यावरची नमाज तिच्या परंपरेत तासभर आधी लागायची. ती जानमाज, नमाजेची चटई, गुंडाळून चहा ठेवायची. मी चहा पिऊन जानमाज उलगडायचो. पस्तीस वर्षं आमचा चहा दोन असरांच्या मध्ये झाला. तिच्या माहेरी कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण व्हायचं. आमच्यात समुद्रातली मासळी चालते, कुर्ली चालत नाही. माझ्या ताटात तळलेला बांगडा आणि बाकी सगळे नांग्या फोडतायत, असा मी दर मे महिन्यात सासुरवाडीला बसलेला असायचो. ती मुद्दाम माझ्यासमोर नांगी चोखत विचारायची, "घाट चढून आली की हराम होते का हो कुर्ली?"

आणि वुजू. नमाजेआधी हात, तोंड, पाय धुऊन पाक व्हायचं त्याला वुजू म्हणतात. नवऱ्याचा हात बायकोला लागला तर तिच्यात वुजू तुटतो, माझ्यात तुटत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी प्रेमाने तिच्या ओल्या हातात टॉवेल द्यायला गेलो. माझी बोटं लागली, ती परत मोरीत गेली. मला कळलं नाही, मी पुन्हा टॉवेल घेऊन उभा. तिसऱ्यांदा तोंड धुताना तिला हसू आवरेना. तेव्हापासून घरात एक हाक कायमची झाली. कोपरापर्यंत बाह्या सारून, हनुवटीवरून पाणी निथळत ती मोरीतून बाहेर यायची आणि मी दिसलो की ओरडायची, "लांब! माझा वुजू आहे!" मी एक बोट पुढे करून धमकी द्यायचो. म्हातारे झालो तरी द्यायचो.

कात्रजला आमच्या मोहल्ल्यात बायकांच्या मय्यतीला गुस्ल द्यायला तीन-चार बायका जात, त्यांत ती एक होती. त्यांच्यात जी वडीलधारी होती तिला सगळे आपा म्हणत. बोलावणं आलं की दोघी पिशवी घेऊन निघायच्या. आत काय पाहिलं ते बाहेर बोलायचं नाही असा त्या कामाचा दंडक आहे, आणि तिने तो पाळला. एकदाच मोडला. एका दुपारी ती घरी आली, आंघोळ केली, आणि चहा न ठेवता खुर्चीत बसून राहिली.

"आज नवरा पडद्याबाहेर उभा होता," ती म्हणाली. "आमचं काम चाललं होतं. तो बाहेरून म्हणाला, तिचा डावा खांदा दुखतो, जरा जपून."

मी तिच्यासमोर खुर्ची ओढली.

"माझ्या वेळी तुम्ही बाहेर उभं राहायचं नाही. आत यायचं आणि तुम्ही घालायची आंघोळ."

"आमच्यात चालत नाही ते."

"आमच्यात चालतं. माझ्या आजीला माझ्या आजोबांनी न्हाऊ घातलं होतं. गाव बघत होतं, कोणी काही म्हणालं नाही."

"तू शाफई आहेस, मी हनफी."

"मय्यत कोणाची असणार आहे? माझी ना? मग?"

मी म्हटलं, "आधी कोण जाणार ते कुठे ठरलंय?"

"तुम्ही आधी गेलात तर मी घालीनच. तुमच्या हनफींतसुद्धा बायको नवऱ्याला घालू शकते. तिथे माझी सोय करून ठेवलीत, इथे माझी अडवणूक." मग थट्टा सोडून ती म्हणाली, "शब्द द्या."

मी शब्द दिला. "घालीन," एवढंच म्हणालो. तिने मान हलवली आणि चहा ठेवायला उठली.

तिचं हृदय वर्षभर थकत गेलं. गेली ती सकाळी सातच्या सुमाराला, घरातच, खिडकीशी टेकून बसलेली असताना. डॉक्टर येऊन गेले. मुलगी वाघोलीहून नऊच्या आत पोचली, तिच्यामागोमाग शहरातून थोरले भाऊ, आमचे भाईजान, आले. वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचाच. ते मला वडिलांसारखे आहेत, हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणाला वेगळं वाटेल.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. कोणाशीही गोड बोलायचं नाही असा त्यांचा नियम आहे. गुस्लाचं पाणी बोरीची पानं घालून उकळतात, हे त्यांना कुठून तरी माहीत होतं. दहाच्या आत ते पिशवीभर पानं घेऊन दारात उभे. मनगटं ओरबाडलेली.

"मागच्या भिंतीपलीकडच्या बोरीची आहेत. चालत नसतील तर आत्ताच सांगा, परत नेऊन लावतो."

"चालतील. पण पाणी? नऊला बंद होतं ना आपलं?"

"मोटर चालू ठेवलीय. कोणाची तक्रार असली तर ती सेक्रेटरीकडेच करावी लागते, आणि सेक्रेटरी आज कोणाचं ऐकणार नाहीये."

मशिदीतून लाकडी तख्त आलं. हॉलमध्ये दोन दोऱ्या बांधून चादरींचा पडदा केला. आपा आल्या, पिशवीतून कापूर, कापूस, कफनाचं कापड काढून मांडू लागल्या. आणि इथे मी ती चूक केली, जी माझ्यासारखा पुस्तकी मुसलमानच करू शकतो. मला माहीत होतं की तिच्या परंपरेत हे जायज आहे. मी आपांना बाजूला घेऊन एवढं सांगितलं असतं, तर कदाचित त्यांनी मान वळवली असती. पण मला गोष्ट नीट, परवानगीने, तळटीप देऊन करायची होती. मी मौलानांना फोन लावला, आणि भाईजानना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला.

मौलाना तरुण आहेत, मऊ बोलतात. म्हणाले, "सर, आपल्या मसल्यात, हनफी नियमात, मौत झाली की निकाह संपतो. तुम्ही चेहरा पाहू शकता, खांदा देऊ शकता, कबरीत उतरवू शकता. हात लावून गुस्ल देणं जायज नाही."

"ती शाफई होती."

"मसला गुस्ल देणाऱ्याचा बघायचा, सर. देणारे तुम्ही, आणि तुम्ही हनफी." मग थोडं थांबून, "सब्र करा."

त्यांच्या बोलण्यात फट नव्हती. आमच्यात एक न लिहिलेली रीत आहे: मौलानांना विचारलंत, तर उत्तर पाळायचं, पाळायचं नसेल तर विचारायचं नाही. मी चार माणसांसमोर विचारून बसलो होतो.

भाईजान म्हणाले, "ऐकलंस?" आमचं बोलणं दखनीत झालं, इथे मराठीत लिहितो.

"ऐकलं."

"मग हो बाजूला. आपांना काम करू दे."

"नाही."

त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नसावं. "काय म्हणालास?"

"मी घालणार. तिला शब्द दिलाय."

"नाजायज गोष्टीचा शब्द शब्द नसतो. आणि आज शाफई झालास, उद्या काय करशील? कुर्ल्या खाशील?"

आयुष्यात एकदाच मला शब्द वेळेवर सुचले ते तेव्हा. मी म्हणालो, "सोयच हवी असती भाईजान, तर कुर्ल्या आधी खाल्ल्या असत्या. पस्तीस वर्षं समोर होत्या."

आपांनी पदर तोंडाशी धरला. हसू की रडू, ते मला कळलं नाही. भाईजानचा आवाज चढला. "चांगलं काय आणि वाईट काय हे तू ठरवणार? ठरवणारा वर बसलाय!"

"वरच्यानेच ठरवलंय. म्हणून तर हटत नाही."

मुलीला राहवलं नाही. ती आयटीत आहे, तिचं बोलणं तसंच. "बडे अब्बा, हा अब्बांचा पर्सनल चॉइस आहे ना? प्रत्येकाचं राइट-राँग वेगळं असतं. त्यांना जे राइट वाटतंय ते करू द्या ना."

मी म्हटलं, "बेटा, तू गप्प बस. तुझ्यामुळे माझीच बाजू पडतेय."

आपांनी पिशवी उचलली. "जिथे जायज नाही तिथे मी थांबत नाही," त्या म्हणाल्या आणि दारापर्यंत गेल्या. उंबऱ्यावर थांबून त्यांनी मान न वळवता विचारलं, "पानं किती वेळ उकळली?"

मुलगी म्हणाली, "दहा मिनिटं असतील."

"गाळली का?"

"नाही."

"गाळा. नाहीतर केसांत अडकतात." त्या परत आल्या, खुर्ची घेतली, पडद्याकडे पाठ करून बाहेरच्या बाजूला बसल्या. "मी मदत करत नाहीये, हे लक्षात ठेवा. पण हिला कोणी उलटसुलट न्हाऊ घातलेलं मला चालायचं नाही."

भाईजान जिन्याने खाली गेले.

पडद्याच्या आत मी आणि मुलगी. बायकोच्या अंगावर छातीपासून घोट्यापर्यंत चादर. मी हाताला कापड गुंडाळलं. मुलगी पाणी ओतत होती. आता एक सांगायला हवं, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. मला ते करावंसं वाटत नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि एक मोठा भाग माझा असा होता की ज्याला खाली भाईजानशेजारी खुर्ची टाकून बसायला फार आवडलं असतं.

"आधी वुजू द्या," बाहेरून आपांचा आवाज आला. "तोंडात पाणी नाही घालायचं, ओल्या कापसाने दात पुसा."

मी पुसले. चेहरा धुतला. हनुवटीवरून पाणी निथळलं.

"उजवा हात. कोपरापर्यंत."

मी तिचा उजवा हात माझ्या हातात घेतला आणि कोपरापर्यंत पाणी नेलं. याच क्षणी ती ओरडायची. माझं बोट पुढे झालं की मोरीच्या दारातून ओरडायची. मी थांबलो. मुलीने तांब्या तसाच धरून ठेवला. तिला वाटलं मला चक्कर येतेय. मी वाट बघत होतो.

"काय झालं?" आपांनी विचारलं. "डावा घ्या आता."

मी डावा घेतला.

मग आधी उजवी कूस, नंतर डावी. शेवटचं पाणी कापराचं. केस पुसून झाल्यावर आपा म्हणाल्या, "केसांचे दोन भाग करा आणि छातीवर घ्या."

"ती तीन वेण्या म्हणायची," मी म्हणालो. "तीन, आणि मागे."

बाहेर आपांची खुर्ची करकरली. मग आपा म्हणाल्या, "माझ्याशी भांडलीय ती यावरून. तीन घाला."

मला वेणी घालता येत नव्हती. मुलीने दोन घातल्या आणि तिसरी मला शिकवली. ती वाकडी झाली.

जनाज्याला भाईजान आले, नमाजेला उभे राहिले, तीन मुठी मातीही टाकली. पण दर रविवारी दुपारी ते माझ्याकडे चहाला यायचे, ते बंद झालं. चार महिने आले नाहीत. आणि परवा पायऱ्यांवर हे: तौबा कर.

त्यांचं म्हणणं मला पूर्ण कळतं. ते म्हणतात, आपल्या मनाने चांगलं-वाईट ठरवायला लागलो की धर्म उरत नाही. हुकूम आहे म्हणून ते चांगलं. हा वाद त्यांनी काढला आणि मी उकरला असं नाही. हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या आणि बगदादच्या मशिदींत आलिम, म्हणजे धर्मपंडित, याच प्रश्नावर एकमेकांशी भांडले: अल्लाहने सांगितलं म्हणून न्याय चांगला, की न्याय चांगला म्हणून अल्लाहने सांगितला? भाईजान पहिल्या बाजूचे. पण दर जुम्याच्या खुत्ब्यात, नमाजेआधीच्या प्रवचनात, शेवटी आम्ही दोघं एका रांगेत बसून ऐकतो की अल्लाह न्यायाचा आणि भलाईचा हुकूम देतो. 'चांगलं' या शब्दाचा अर्थ 'ज्याचा हुकूम आहे ते' एवढाच असेल, तर त्या वाक्याचा अर्थ काय उरला? ज्याचा हुकूम आहे त्याचा हुकूम आहे. अकरावीच्या पोराने असं वाक्य लिहिलं असतं तर मी लाल शाईने गोल केला असता. ते वाक्य ऐकून रांगेतल्या रिक्षावाल्याचे आणि माझे डोळे भरतात, कारण न्याय म्हणजे काय हे आम्हाला आधीच थोडंसं ठाऊक असतं. ते ठाऊक असणंही त्यानेच आमच्यात ठेवलं. तो रहीम, दयाळू, आहे असं मी दिवसातून कितीतरी वेळा म्हणतो. तो शब्द रिकामा असेल तर मी म्हणणार नाही.

आणि हुकूम तरी आमच्यापर्यंत कसा पोचतो? माणसांच्या वाचण्यातून. शाफई आलिम पैगंबरांच्या घरातल्याच रिवायती, म्हणजे सांगोवांगी जपलेल्या हकीकती, पुढे करून म्हणतात, नवरा गुस्ल देऊ शकतो. हनफी म्हणतात, ती त्या घरापुरती खास बाब होती. दोघंही प्रामाणिक, दोघंही अल्लाहला घाबरणारे. मी त्यांच्या पायाशी बसायच्या लायकीचा नाही. पण त्यांच्यातला एक निर्णय हातात घेऊन दुसऱ्याची वाट अडवायची, आणि वर म्हणायचं की खुद्द अल्लाहनेच अडवली, हे मला मान्य नाही. अल्लाहची मर्जी आणि आपली सवय यांत फरक करायला जो घाबरतो, तो सवयीलाच सजदा करत असतो. भाईजानना हे वाक्य लागेल. लागू दे.

मुलीला वाटतं, यातून तिचंच म्हणणं सिद्ध झालं. चाळिसाव्या दिवशी ती म्हणाली, "बघा ना अब्बा, घाटाखाली एक राइट, घाटावर दुसरं. म्हणजे सगळं सब्जेक्टिव्हच. तुम्ही तुमच्या फीलिंगला ऑनेस्ट राहिलात, दॅट्स इट."

तिने ते प्रेमाने म्हटलं. पण भाईजानच्या रागापेक्षा मला ते जास्त झोंबलं. मी तिला विचारलं, "त्या दिवशी माझं फीलिंग काय होतं, माहितीये? पळून जावं असं. त्याला ऑनेस्ट राहिलो असतो तर तुझी आई माझ्या हाताविना गेली असती."

"पण प्रॉमिस पाळायचं हे तुमचंच व्हॅल्यू आहे ना?"

"माझंच असतं तर मी ते सोडू शकलो असतो. तुझ्या आईला शब्द दिला. ती गेली. आता मला कोण विचारणार होतं? ज्याला शब्द दिला ते माणूसच उरलं नाही, तर शब्द राहतो कुठे? माझ्याच डोक्यात ना? मग डोक्यातून काढला की संपलं. पण तो तिथे नव्हता, बेटा. तिने मान हलवली तेव्हा तिसरा कोणीतरी ऐकत होता. मी त्याला घाबरून पडद्यात गेलो. तुझ्या बडे अब्बांना वाटतं मी त्याला न घाबरता गेलो, आणि तुला वाटतं तो तिथे नव्हताच. तुम्ही दोघं एकमेकांशी भांडा, मला मधून सोडा."

ती हसली आणि म्हणाली, "तुमचं उत्तर या वेळी कुरियरने आलं." तिच्या आईचं बोलणं तिने उचललं आहे.

दोन वाचनं आहेत म्हणून लिहिलेलंच काही नाही, असं होत नाही. दोघं डोंगराच्या दोन बाजूंनी वर बघतात तेव्हा डोंगर नाहीसा होत नाही. उलट आम्ही भांडतो, कारण तो आहे. नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न असता तर कुर्लीवरून झालं तसं झालं असतं. ती खायची, मी बघायचो, संध्याकाळी एकत्र फिरायला जायचो. कुर्ली मी आजही खात नाही. माझी असर अजून माझ्याच वेळेला होते.

काल दुपारी मी भाईजानच्या घरी गेलो. ते कोचावर बसले होते. मला पाहून त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला वाईट वाटलं, कारण त्यांना वाटलं मी चूक कबूल करायला आलोय.

"तौबा केली," मी म्हणालो.

"अल्हम्दुलिल्लाह."

"पूर्ण ऐका. त्या सकाळी मी फोन लावला, त्याची केली. तिला शब्द दिला होता आणि मी परवानगी मागत बसलो. पाणी उकळून तयार, आणि ती तख्तावर पडून आपल्या नवऱ्याचं ठरायची वाट बघतेय. तास गेला त्यात. त्या तासाची मी दोन रकात पढून माफी मागितली."

"आणि गुस्ल?"

"त्याची नाही."

"मेल्यावर अल्लाहला काय तोंड दाखवशील?"

"हेच. आणि विचारलं तर सांगीन, तू रहीम आहेस असं ऐकलं होतं, ते खरं धरून चाललो."

भाईजान आता थकलेत. मग वर्तमानपत्र परत उचलत म्हणाले, "मग मी रविवारी येणार नाही."

"नका येऊ," मी म्हणालो. "पण चहा दोन असरांच्या मध्येच ठेवतो. ती वेळ बदललेली नाही."